वकिलाची फी कोणाच्या खात्यावर?

सोलापूरहून कुंथलगिरीच्या दर्शनाला निघालेल्या कुटुंबांना येरमाळा मागे पडल्यावर तेरखेडा लागते. धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील हे गाव फटाक्यांच्या कारखान्यांसाठी मराठवाडाभर प्रसिद्ध आहे. दिवाळी जवळ आली की महामार्गालगतच्या दुकानांपुढे मोटारींची रांग लागते. फटाके न उडविण्याचा नेम पाळणाऱ्या घरांचाही या गावाशी व्यवहार असतोच. कारखान्यातील कामगाराचा किराणा, कापड, लग्नासाठीचे भांडे हे सारे याच परिसरातील पेढ्यांवरून जाते. धंदा फटाक्यांचा असो, धान्याच्या आडतीचा असो वा तेलाचा, जिथे पगार देणारा आणि पगार घेणारा अशी दोन माणसे आहेत, तिथे केव्हा तरी त्यांची फारकत होणार हे ठरलेले आहे. बहुतेक वेळा ती चहाचा कप आणि शेवटच्या हिशेबाची पावती यांवर भागते. ज्या थोड्या वेळा भागत नाही, त्या वेळी दोन्ही बाजू वकील गाठतात. मग एक असा प्रश्न उभा राहतो की ज्याचा विचार भांडणाच्या भरात कोणीच केलेला नसतो. वकिलाला दिलेली ही फी आयकराच्या हिशेबात कोणाला चालते आणि कोणाला चालत नाही?

उत्तर ऐकून पहिल्यांदा अनेकांना आश्चर्य वाटते. एकाच वादात, एकाच न्यायालयात, समजा दोघांनीही एकेक लाख रुपये फी दिली. मालकाने ती रोजमेळात वकील फी खाती नावे टाकली आणि त्याचा तेवढा नफा कमी झाला. तो ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर उपकरासह त्याचे ३१,२०० रुपये वाचले. नोकराने मात्र तेवढीच रक्कम दिली आणि त्याच्या करात एका पैशाचाही फरक पडला नाही. मालकाच्या फीचा जवळजवळ तिसरा हिस्सा अप्रत्यक्षपणे सरकारी तिजोरीतून गेला, नोकराची पूर्ण फी त्याच्या घरातून गेली.

हा भेद कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीतून आलेला नाही, तो कायद्याच्या रचनेतच आहे. (या लेखात कलमांचे क्रमांक १९६१ च्या आयकर अधिनियमातील, म्हणजे व्यापाऱ्यांच्या तोंडी असलेले, दिले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या आयकर अधिनियम, २०२५ मध्ये क्रमांक बदलले, या विषयातील तत्त्व बदललेले नाही.) धंद्याच्या उत्पन्नाला कलम ३७(१) चे दार उघडे आहे. जो खर्च भांडवली नाही, खासगी नाही आणि सर्वस्वी धंद्यासाठी झालेला आहे, तो नफ्यातून वजा होतो. पगाराच्या उत्पन्नाला असे सर्वसाधारण दार नाही. तिथे कलम १६ आहे आणि त्यात मोजून तीन वजावटी आहेत: प्रमाणित वजावट, सरकारी नोकरांपुरता मनोरंजन भत्ता आणि व्यवसाय कर. नव्या करपद्धतीत तर त्यांतली पहिलीच उरते, ७५,००० रुपयांची. वकिलाची फी या यादीत नाही आणि यादीबाहेरचे काही मागता येत नाही.

प्रमाणित वजावट १९७४ च्या वित्त अधिनियमाने आणली, तेव्हा विचार असा होता की नोकरदाराला नोकरीपायी जो किरकोळ खर्च येतो, त्याचा पावतीनिहाय हिशेब न मागता एक ठोक रक्कम सोडून द्यावी. पुढे २००५ मध्ये ती रद्द झाली, २०१८ मध्ये ४०,००० रुपये म्हणून परत आली, मग ५०,००० आणि नव्या पद्धतीसाठी २०२४ मध्ये ७५,००० झाली. बसभाडे, पुस्तके, कपडे यांसाठी अशी ठोक रक्कम समजण्यासारखी आहे. तीन-चार न्यायालयांतून चाललेल्या खटल्याचा खर्च तिच्यात सामावला आहे असे मानणे हा निव्वळ कागदी न्याय आहे.

नोकरदाराच्या बाजूने आणखी एक युक्तिवाद सुचतो. खटला जिंकल्यावर जी रक्कम आली, तिच्यातून वकिलाचा हिस्सा परस्पर गेला, मग तो हिस्सा आपले उत्पन्न कसा? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्येच एका मुंबईच्या प्रकरणात देऊन ठेवले आहे. सीतलदास तीरथदास यांनी न्यायालयाच्या हुकुमाप्रमाणे पत्नी-मुलांना पोटगी दिली आणि ती उत्पन्नातून वजा मागितली. न्यायालयाने दोन गोष्टींत फरक केला. काही रक्कम आपल्यापर्यंत पोहोचण्याआधीच दुसऱ्याच्या हक्काने वळते, ती आपले उत्पन्न होतच नाही. दुसरी रक्कम आपल्या हाती उत्पन्न म्हणून येते आणि मग आपल्यावरील बंधनामुळे आपण ती दुसऱ्याला देतो, तो उत्पन्नाचा विनियोग होय. विनियोगाची वजावट मिळत नाही, मग बंधन न्यायालयाच्या हुकुमाचे का असेना. वकिलाची फी या दुसऱ्या प्रकारात बसते. वेतनाचा हक्क अशिलाचा, वकिलाचा नाही.

व्यापारी वाचकाने मात्र आपली बाजू अगदी निर्धोक आहे असे समजू नये. फीची वजावट मिळण्यासाठी ती धंद्याच्या अंगाने झालेली असावी लागते. याविषयीचा जुना आणि कडक दाखला १९५३ चा आहे. एच. हिरजी हे बेंगाल पॉटरीज या कंपनीचे विक्री प्रतिनिधी. युद्धकाळातील साठेबाजी आणि नफेखोरीविरोधी वटहुकमाखाली त्यांच्यावर फौजदारी खटला भरला गेला. ते निर्दोष सुटले, तरी बचावाचा खर्च धंद्याचा म्हणून मान्य झाला नाही, कारण माणूस शिक्षेपासून स्वतःला वाचवू पाहतो तेव्हा हेतू केवळ धंद्याचा राहत नाही, असे न्यायालयाला वाटले. पुढे १९७३ मध्ये धनराजगिरजी राजा नरसिंहगिरजी प्रकरणात दृष्टी थोडी मोकळी झाली. खटला दिवाणी की फौजदारी यापेक्षा खर्च धंद्यासाठी झाला का हे पाहावे, असा रोख आला. तरीही कायद्याने निषिद्ध ठरवलेल्या कृत्यासाठीचा खर्च किंवा दंड नफ्यातून जात नाही. नोकराशी वेतन, ग्रॅच्युइटी वा बडतर्फीवरून चाललेला वाद हा सहसा धंद्याचाच वाद असतो. कारखान्यातील अपघातानंतर मालकावर वैयक्तिक गुन्हा दाखल होतो, तेव्हा प्रश्न तितका सरळ राहत नाही.

वाशी, भूम, कळंब, बार्शी या पट्ट्यातील अनेक छोट्या दुकानांच्या बाबतीत तर आणखी एक गंमत आहे. ही दुकाने कलम ४४एडी खाली उलाढालीच्या ८ टक्के, किंवा बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के, नफा दाखवून मोकळी होतात. त्या पद्धतीत सारे खर्च आधीच वजा झाले असे धरले जाते. म्हणजे अशा दुकानदाराने वकिलाला लाख रुपये दिले तरी त्याचा करही तसूभर कमी होत नाही. तो आणि त्याचा नोकर या एका बाबतीत एकाच बाकावर बसलेले असतात. पुरी वही लिहिणाऱ्या पेढीला वजावट मिळते, पण काही पथ्ये पाळावी लागतात. एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० रुपयांवर रोख दिली तर तो खर्च नामंजूर होतो. वर्षाची फी ५०,००० रुपयांवर गेली आणि पेढी कंपनी वा भागीदारी असेल, किंवा व्यक्तीचा अथवा हिंदू अविभक्त कुटुंबाचा धंदा असून मागील वर्षाची उलाढाल एक कोटीवर असेल, तर १० टक्के टीडीएस कापावा लागतो. जीएसटी नोंदणी असलेल्या पेढीला वकिलाच्या फीवर रिव्हर्स चार्जने १८ टक्के कर स्वतः भरावा लागतो, हे तर हमखास विसरले जाते. नोकर धंदेवाईक संस्था नसल्याने त्याच्या वकिलाच्या फीवर हा कर लागत नाही. त्याच्या वाट्याला आलेली ही एक सवलत.

घरच्या धंद्यात आणखी एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. कुटुंबाच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत पगारी संचालक असलेला पुतण्या वेगळा होतो, तेव्हा त्याचा मोबदला पगार असतो आणि त्याची वकील फी वर सांगितल्याप्रमाणे वाया जाते. तोच पुतण्या भागीदारी पेढीत भागीदार असता, तर पेढीकडून मिळणारे वेतन आणि व्याज कायद्याच्या दृष्टीने पगार नसते, ते धंद्याचे उत्पन्न असते. थकलेल्या मोबदल्यासाठी झालेली फी मागण्यास त्याला निदान वाट आहे. वाद भांडवलातील हिश्श्याचा किंवा पेढीच्या नावलौकिकाचा असेल, तर मात्र तो खर्च भांडवली ठरण्याचा संभव मोठा. काका-पुतण्यांच्या वाटणीत वकिलाच्या बिलावर नेमके कोणते काम लिहिले आहे, यावर पुष्कळ काही अवलंबून राहते.

नोकराच्या बाजूचे चित्र मराठवाड्यातील एका खटल्यात जितके स्पष्ट दिसते, तितके क्वचितच कुठे दिसेल. कायद्याच्या ग्रंथांत तो ‘दीपाली गुंडू सुरवसे विरुद्ध क्रांती ज्युनिअर अध्यापक महाविद्यालय’ या नावाने नोंदलेला आहे आणि देशभर रोज कुठे ना कुठे त्याचा दाखला दिला जातो. औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातील एका प्राथमिक शाळेतील शिक्षिकेला आधी निलंबित करण्यात आले आणि २००७ मध्ये सेवेतून काढून टाकण्यात आले. महाराष्ट्रात खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा स्वतंत्र अधिनियम आहे, त्याखाली त्या शाळा न्यायाधिकरणात गेल्या. २००९ मध्ये न्यायाधिकरणाने बडतर्फी रद्द केली आणि मधल्या काळाचे पूर्ण वेतन देण्याचा आदेश दिला. संस्थेने उच्च न्यायालय गाठले. २०११ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने नोकरी कायम ठेवली, पण मागील वेतनाचा आदेश काढून टाकला. मग दिल्ली. १२ ऑगस्ट २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण मागील वेतनाचा आदेश पुन्हा बहाल केला आणि चार महिन्यांत रक्कम न दिल्यास ९ टक्के व्याज लावले.

या निर्णयातील एक मुद्दा प्रस्तुत विषयाच्या थेट मर्मावर बोट ठेवतो. न्या. जी. एस. सिंघवी यांनी मागील वेतनासंबंधीचे नियम एकेक करून मांडताना वकिलाच्या खर्चाचाही विचार केला. नोकरी देणारा बहुधा वरचढ स्थितीत असतो, नामांकित वकील लावून तो प्रकरण लांबवू शकतो आणि नोकरी गेलेल्या माणसाला तशा वकिलाची चैन परवडत नाही, असे त्यांनी नमूद केले. म्हणूनच बेकायदा बडतर्फी सिद्ध झाली की पूर्ण मागील वेतन हा सर्वसाधारण नियम असावा. हाच विचार १९७८ च्या हिंदुस्थान टिन वर्क्स प्रकरणात आधी झाला होता, तिथे कामगारांना ७५ टक्के मागील वेतन मिळाले. न्यायालयाने ही विषमता ओळखली. आयकराचा कायदा तिच्यात एक पदर वाढवतो हे निकालात आले नाही, कारण तो प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. संस्थेने लावलेला वकील खर्चात जमा होऊ शकतो, शिक्षकाने लावलेला होत नाही.

मग सहा वर्षांचे वेतन एकदम हाती आल्यावर होते काय? कल्पनेतील एक हिशेब मांडून पाहता येईल. समजा एका कर्मचाऱ्याचा पगार वर्षाला ३ लाख रुपये. सहा वर्षांनी निकाल लागला आणि १८ लाख एकरकमी मिळाले, शिवाय चालू वर्षाचे ३ लाख. एकूण २१ लाख. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या पद्धतीने ७५,००० वजा करून २०,२५,००० वर उपकरासह २,१४,५०० रुपये कर येतो. वास्तविक दर वर्षी वेळेवर ३ लाख मिळाले असते, तर या माणसाने आयुष्यात कधी एक रुपयाही आयकर भरला नसता. म्हणजे हा सारा कर मालकाच्या उशिराने निर्माण केला. त्यातच वकिलाला दोन लाख दिले असतील, तर हातात उरते त्याहून जास्त रकमेवर कर लागलेला दिसतो. दोन लाखांची वजावट मिळाली असती तर कर ४२,९०० रुपयांनी कमी झाला असता.

इथे मात्र कायद्याने एक दिलासा ठेवला आहे. तो फीच्या वजावटीपेक्षा कितीतरी मोठा असूनही पुष्कळांच्या हातून निसटतो. कलम ८९ आणि नियम २१ए प्रमाणे थकबाकीचे वेतन ज्या ज्या वर्षांचे, त्या त्या वर्षांत मांडून कर पुन्हा मोजता येतो. वरच्या उदाहरणात मागील प्रत्येक वर्षी दुसरे उत्पन्न नसेल, तर ३ लाखांवर कर शून्यच येतो. त्यामुळे २,१४,५०० रुपयांचा सारा कर सवलतीत निघून जातो. यासाठी विवरणपत्र भरण्यापूर्वी फॉर्म १०ई ऑनलाइन सादर करावा लागतो. तो न भरता विवरणपत्रात नुसती सवलत मागितली, तर विभाग ती नाकारून मागणीची नोटीस पाठवतो. वर्षे गेली त्याची भरपाई कायदा करतो, वकिलाला दिले त्याची करत नाही, असा हा विचित्र समतोल आहे. हिशेब करून मालकाकडे आधीच दिला, तर टीडीएस कापतानाही तो ही सवलत विचारात घेऊ शकतो. कापलेले पैसे परत मागत बसण्यापेक्षा ते बरे.

पण हा दिलासा रकमेच्या नावावर अवलंबून आहे आणि इथेच तडजोडीचा कागद लिहिणाऱ्यांची कसोटी लागते. मागील वेतन म्हणून दिलेली रक्कम त्या त्या वर्षांत वाटता येते. नोकरी संपवल्याची भरपाई म्हणून दिलेल्या रकमेला वेगळा नियम आहे. त्यात किमान तीन वर्षांची सलग सेवा झालेली असावी लागते, नोकरीच्या मुदतीतील किमान तीन वर्षे उरलेली असावी लागतात आणि कर मागील तीन वर्षांच्या सरासरीने मोजला जातो. ग्रॅच्युइटी २० लाखांपर्यंत करमुक्त आहे. खासगी नोकराला नोकरी सुटताना मिळणारे रजेचे वेतन ठरावीक मर्यादांत आयुष्यभरात मिळून २५ लाखांपर्यंत करमुक्त आहे. कामगाराला कपातीची भरपाई कायद्याच्या सूत्राने येणारी रक्कम किंवा ५ लाख यांतील कमी तेवढी करमुक्त. या सगळ्यांना एकत्र गुंडाळून ‘सर्व हिशेब मिटवून अमुक लाख दिले’ असे एका ओळीत लिहिले, की संपूर्ण रक्कम पगाराऐवजी मिळालेला लाभ म्हणून करपात्र ठरण्याचा धोका निर्माण होतो. मालकाचा कर या लिखाणाने बदलत नाही, त्याला एका ओळीऐवजी पाच ओळी लिहायला काही पडतही नाही. नोकराचा बदलतो. अर्थात लिहिलेले खरे असले पाहिजे. न थकलेल्या वेतनाला थकबाकी म्हणता येत नाही.

तडजोडीत ‘नोकराच्या वकिलाची फी मालक देईल’ असेही कधी कधी ठरते. ऐकायला हे उदार वाटते, पण नोकराने द्यायची रक्कम मालकाने भरली की कलम १७(२)(iv) प्रमाणे ती नोकराच्या पगारात मिळवली जाते. इंग्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींना याच्या उलट अनुभव येतो. तिथे तडजोड करारातील स्पष्ट कलमाप्रमाणे मालकाने नोकराच्या वकिलाला थेट फी दिली, तर ती नोकराचे उत्पन्न धरली जात नाही आणि नोकरी संपल्याच्या भरपाईतील पहिले ३०,००० पौंडही करमुक्त असू शकतात. अमेरिकेत भेदभावाच्या दाव्यातील वकील फी वजा करण्याची सोय २००४ च्या कायद्याने झाली. हिश्श्याने ठरलेली फीसुद्धा अशिलाच्याच उत्पन्नात धरायची, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ठरवले, म्हणजे आपल्या सीतलदास प्रकरणाचेच तत्त्व. फरक इतकाच की तिथे संसदेने वेळेवर वजावट दिली. कॅनडात थकलेला पगार वसूल करण्यासाठी झालेली वकील फी नोकराला वजा करता येते. आपल्याकडे कलम १६ मध्ये एक ओळ वाढवली तर हे होण्याजोगे आहे आणि व्यापारी संघटनांनी अर्थसंकल्पापूर्वीच्या निवेदनांत हा मुद्दा घ्यायला हरकत नाही. आज जवळजवळ प्रत्येक व्यापारी घरातील निदान एक मूल पुणे, बंगळूर वा परदेशात पगारावर आहे.

त्या मुलांसाठी दोन गोष्टी थोडक्यात. नोटिशीची मुदत न पाळता नोकरी सोडली आणि कंपनीने त्यापोटी पगार कापला, तर प्रत्यक्ष मिळालेल्या पगारावरच कर लागावा, असे अहमदाबादच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये म्हटले. अशा कपातीवर जीएसटी लागत नाही हे ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने स्पष्ट झाले आहे. आणि बाँडवर सही करताना तो कागदी समजू नये. २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांआधी नोकरी सोडणाऱ्याने दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली.

गावातल्या पेढीकडे परत यायचे, तर खरी बचत वकिलापर्यंत न जाण्यात आहे आणि तिचे नियम आता अधिक काटेकोर झाले आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. वेतन संहितेप्रमाणे नोकराला काढले असो वा त्याने स्वतः राजीनामा दिला असो, त्याचे सारे वेतन दोन कामकाजी दिवसांत द्यायचे आहे. ‘दिवाळीला वही पुजली की हिशेब करू’ ही जुनी रीत आता चालणार नाही. ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या दुकानाला तो लागू होतो आणि एकदा लागू झाल्यावर माणसे कमी झाली म्हणून सुटत नाही. कायम नोकराला पाच वर्षांच्या सेवेनंतर, दर वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन, महिन्याचे सव्वीस दिवस धरून, आणि देय झाल्यापासून तीस दिवसांच्या आत. २६,००० रुपये वेतनाच्या मुनिमाची वीस वर्षांची ग्रॅच्युइटी ३ लाख होते. कायद्याने हंगामी ठरलेल्या कारखान्यातील, वर्षभर काम नसलेल्या कामगाराला दर हंगामाला सात दिवसांचे वेतन. दहाच्या आतील दुकानाने स्वखुशीने दिलेली ग्रॅच्युइटीही, दर पूर्ण वर्षाला अर्ध्या महिन्याच्या सरासरी पगाराच्या मर्यादेत, घेणाऱ्याला करमुक्त असते.

या मुनिमाला बारा लाखांच्या आतील उत्पन्नावरील सवलतीमुळे आयकर लागणारच नाही, म्हणून फीच्या वजावटीचा प्रश्न त्याच्यापुरता गैरलागू आहे. त्याला फीच जड जाते. त्याच्यासाठी आणि कारखान्यातील कामगारांसाठी १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमातील कलम १२ उपयोगी पडते. औद्योगिक कामगार, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि उत्पन्न कितीही असले तरी सर्व स्त्रिया यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा धाराशिवच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा असतो आणि त्याला शुल्क नाही. फटाक्यांच्या कारखान्यात कागदी नळ्या भरणाऱ्या बाईला हा हक्क आहे आणि त्याच रस्त्यावरच्या कापड दुकानात हिशेब लिहिणाऱ्या मुलीलाही.